इदाल्मिस स्वल्पविरामाला थांबते

आमच्या काबाइग्वानच्या कारखान्यात आम्ही एकशे दहा जण सिगार वळायचो आणि एक बाई आम्हाला वाचून दाखवायची. सकाळी आठला वर्तमानपत्र, दहानंतर कादंबरी, जेवणानंतर पाककृती, राशिभविष्य, आणि कुणाचा वाढदिवस असला तर त्याच्यासाठी एखादी कविता. हात तंबाखूच्या पानांत गुंतलेले, कान मोकळे. कादंबरी कुठली घ्यायची ते मतदानानं ठरायचं, आणि त्यावरून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी सासवासुनांचीही होत नसतील. वाचन आवडलं की आम्ही चावेता, म्हणजे पानं कापायची आमची अर्धगोल पाती, फळीवर आपटायचो. नाही आवडलं तर तीच पाती खाली फरशीवर टाकायची. त्यापेक्षा मोठा अपमान आमच्याकडे नव्हता.

ही वाचणारी बाई म्हणजे इदाल्मिस. चौतीस वर्षांची, उंच, आधी शाळेत शिकवायची. जुने वाचक निवृत्त झाले तेव्हा जागेसाठी तिघं आले. प्रत्येकानं आठवडाभर वाचायचं आणि मग आम्ही मत द्यायचं, असं ठरलं. पहिला होता तो कवायत घेतल्यासारखा ओरडायचा. दुसरी दुःखाचा प्रसंग आला की स्वतःच रडायची, मग पुढे काय झालं ते आम्हाला कळायचंच नाही. इदाल्मिस मंचावर बसली, आणि पहिलं पान संपायच्या आत म्हातारा तोमास माझ्याकडे वाकून म्हणाला, "रेग्ला, ही बाई स्वल्पविरामालासुद्धा थांबते गं!"

खरंच थांबायची. इतकी बेताची की तेवढ्या फटीत आम्ही हातातलं पान फिरवून घ्यायचो. एकशे सात मतं पडली तिला.

माझं टेबल पहिल्या रांगेत, मंचाच्या अगदी समोर. तोमास माझ्या डाव्या हाताला. इदाल्मिसशी माझी मैत्री व्हायला महिनाही लागला नाही. दुपारी आम्ही डबा एकत्र खायचो, माझ्याकडे भात आणि काळा घेवडा, तिच्याकडे भावानं दिलेला उकडलेला कंद. तिचं लग्न मोडलं होतं, ती मेकॅनिक भावाकडे, एवेलियोकडे राहायची. एके दिवशी मी तिला ती गोष्ट सांगितली जी मी माझ्या आईलाही सांगितली नव्हती. माझा नवरा ओस्वाल्दो ट्रक चालवायचा आणि शेजारच्या प्लासेतास गावी त्याचं दुसरं घर होतं. तिथे बाई होती, एक मुलगीही होती. इदाल्मिसनं माझा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मला वाटलं, विहिरीत दगड टाकावा तशी ही गोष्ट आता बुडाली.

त्या वर्षी डिसेंबरात इदाल्मिस विझत गेली. आवाज बारीक झाला, मग ती यायचीच बंद झाली. एवेलियो सांगायचा, "भिंतीकडे तोंड करून पडून असते. आंघोळीला उठ म्हटलं तर म्हणते, कशाला?" तिची आई नुकतीच वारली होती, तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते दुःखाच्या खात्यात टाकलं. अडीच महिने आम्ही पाळीपाळीनं वर्तमानपत्र वाचलं, आणि एकमेकांच्या वाचनाला पात्या फरशीवर टाकल्या.

मार्चमध्ये ती परत आली, आणि काय आली! लाल झगा, केसांत फूल, दारापासून मंचापर्यंत प्रत्येकाच्या गालाचा मुका घेत. तेव्हा आमच्याकडे एका जहाजाच्या कप्तानाची पाचशे पानांची कादंबरी चालू होती. कुणी मत दिलं होतं देव जाणे, रटाळ होती. इदाल्मिसनं पुस्तक उघडलं, आणि त्या कप्तानाच्या जहाजावर अचानक एक एकाक्ष खेचर चढलं. मग आमचा मुकादम चढला, नाव बदलून, पण त्याचं पोट आणि त्याची शिट्टी तशीच. लोक हसून हसून टेबलावर पडले. चावेतांचा असा कडकडाट झाला की रस्त्यावरचे घोडागाडीवाले आत डोकावून गेले.

पुस्तक तिच्या हातात होतं, पण पान उलटत नव्हतं. पहिल्या रांगेतून मला ते स्पष्ट दिसत होतं. मी कुणाला बोलले नाही. मजा येत होती ना!

पुढचे चार दिवस असेच गेले. ती जितकी सुटत गेली तितकं आम्ही वाजवत राहिलो. एवेलियो फाटकाशी येऊन सांगून गेला की ती झोपतच नाही. आधी स्वयंपाकघर निळं रंगवलं, मग दार, मग शेजाऱ्याचं कुंपण. आईचं शिवणयंत्र घोडागाडीत घालून तिनं आमच्या पहारेकऱ्याला देऊन टाकलं. बेटावरच्या प्रत्येक कारखान्याच्या वाचकाला पत्र लिहिलं, सगळे मिळून समुद्राकाठी एक मनोरा बांधू आणि तिथून सगळ्या जगाला वाचून दाखवू म्हणून. बोलणं तर असं की एक वाक्य संपायच्या आत तिसरं दारात उभं. तोमास म्हणाला, "हिच्या रेडिओचं बटण तुटलंय." आम्ही त्यावरही हसलो.

पाचव्या दिवशी तिनं पुस्तक उघडलंच नाही.

"मंडळी," ती म्हणाली, "आज कप्तानाच्या दोन घरांची गोष्ट! एक घर काबाइग्वानला, एक प्लासेतासला. आणि पहिल्या घरची बायको इथेच बसलीय, पहिल्या रांगेत, सिगार वळतेय. रेग्ला! ऊठ गं राणी, दिसू दे लोकांना!"

मनात काळंबेरं काही नव्हतं तिच्या. एखादी भेटवस्तू द्यावी तशी दोन्ही हात पुढे करून ती हसत होती. मी उठले नाही. माझ्या हातातलं, सिगारवर गुंडाळायचं पान टरकन फाटलं. आणि मग मागच्या कुठल्या तरी रांगेत एक पाती फरशीवर पडली. मग दुसरी. मग शंभर. इतक्या पात्या एकदम पडल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. इदाल्मिसला ती दाद वाटली. तिनं वाकून अभिवादन केलं.

तोमास मंचावर चढला आणि त्यानं ध्वनिक्षेपक बंद केला. तिनं त्याच्या थोबाडीत मारली. सत्तरीचा माणूस, त्यानं गाल चोळला आणि तो म्हणाला, "बरं, पोरी. आता चल, एवेलियो आलाय."

तिला सांक्ती स्पिरितुसच्या हॉस्पिटलात नेलं. सहा आठवडे ठेवलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. एवेलियोनं ते आम्हाला त्याच्या मेकॅनिकी भाषेत समजावलं: "इंजिन कधी बंद पडतं, कधी तापून सुसाट सुटतं. बंद पडलेलं आपल्याला कळतं. सुसाट सुटलेलं कळत नाही, कारण गाडी झकास पळतेय असं वाटतं."

मी भेटायला गेले नाही. मी माझ्याच घरचं निस्तरत होते. ओस्वाल्दोची पिशवी मी त्याच आठवड्यात भरून दाराबाहेर ठेवली. सगळ्या गावाला माहीत झाल्यावर कसलं झाकायचं! मागे वळून बघता बरंच झालं म्हणते मी, पण तेव्हा बाजारात गेले की बायका बटाटे निवडायच्या थांबायच्या आणि माझ्याकडे बघायच्या.

इदाल्मिस परत आली तेव्हा दहा किलोनं जाड झाली होती आणि हात कापत होते. तिनं पुन्हा वाचावं की नाही यावर मतदान झालं. एकसष्ट होय, चाळीस नाही. माझं मत 'नाही'च्या बाजूनं होतं, आणि मी ते लपवलं नाही. ती एकेका टेबलाशी जाऊन माफी मागत होती. तोमासपुढे आली तेव्हा त्यानं दुसरा गाल पुढे केला, आणि दोघं हसले. माझ्यापुढे आली.

"रेग्ला, ते मी नव्हते. तो आजार होता."

"तोंड तर तुझंच होतं," मी म्हणाले. "सरक, उजेड अडतोय."

सहा महिने मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. रोज सहा तास तिचा आवाज ऐकत होते आणि बोलत नव्हते. असंही जगता येतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती माझ्या दारात उभी राहिली. हातात शाळकरी वही. मी फरशी पुसत होते, मी तिला आत ये म्हटलं नाही, ती उंबऱ्यावरच बसली.

"मी माफी मागायला नाही आले," ती म्हणाली. "मागून झाली. मला एक काम आहे तुझ्याकडे."

"माझ्याकडे?"

"डॉक्टर बेनिग्नो म्हणतात, हे पुन्हा येणार. गोळी घेतली तरी येऊ शकतं. पण एका दिवसात येत नाही. आधी बारीक बारीक काही बदलतं. ते ज्याला दिसेल असं एक माणूस हवं."

"एवेलियो आहे की."

"एवेलियो मला हसताना बघितलं की खूश होतो, बिचारा. अडीच महिने भिंतीकडे तोंड केलेली बहीण बघितलीय त्यानं. तोमासला मी काही केलं तरी गोड वाटते. बाकीचे वाजवतात." तिनं वही मांडीवर सरळ केली. "तुला माझी मोहिनी पडत नाही, रेग्ला. तू माझ्यावर चिडलेली आहेस. म्हणून तूच हवीस."

मी फडकं पिळलं. हसू येत होतं, आणि ते मला तिला दाखवायचं नव्हतं. "आणि तू," मी विचारलं, "त्या पाच दिवसांत तुला काहीच कळलं नाही?"

"कळलं होतं." तिनं वहीचा कोपरा दुमडला. "पहिल्या दिवशी कळलं होतं. काहीतरी फार सोपं झालंय असं. पण इतके महिने अंधारात काढल्यावर कुणी दिवा लावला तर तो विझव म्हणेल का माणूस?"

मी कॉफी टाकली. तिनं कप हातात घेतला नाही, कॉफी तिला आता दिवसाला एकच होती. आम्ही वही उघडली. ती आठवायची, मी भर घालायची. रात्री चार तासांपेक्षा कमी झोपूनही थकवा नाही. रंग फार झगझगीत दिसतात. लाल ओठ. एका वेळी तीन-चार पुस्तकं सुरू. वस्तू देऊन टाकणं. सगळे लोक आपल्यापेक्षा हळू आहेत याचा राग.

"आणि तू स्वल्पविरामाला थांबत नाहीस," मी म्हणाले.

"काय?"

"मार्चमध्ये पहिल्या दिवशीच गेले होते तुझे स्वल्पविराम. मला पान फिरवायला फट मिळेना, माझ्या चार सिगारी वाया गेल्या."

तिनं पेन उचललं. मग तिनं ते अगदी वर लिहिलं. शेवटच्या पानावर तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: *यातल्या दोन गोष्टी दिसल्या तर रेग्ला फळीवर एकदा पाती वाजवेल. तीन दिसल्या तर मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाईन. त्या वेळी मी जे बोलेन ते ऐकू नका, हे वाचा.* खाली सही. मी म्हटलं, हिच्या चार प्रती कर. केल्या.

ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आम्ही दोन तास बोललो होतो.

हे सगळं लगेच मार्गी लागलं असं समजू नका. दीड वर्षानं तिनं गोळी सोडली. लिथियमची गोळी ती. तहान फार लागायची, पाणी आणि मीठ सांभाळावं लागायचं, दर काही महिन्यांनी रक्त तपासायला जावं लागायचं, आणि हात कापायचे ते कापायचेच. "पुस्तकाचं पान धरवत नाही," ती म्हणायची. "आणि सगळं कसं पाणी मारलेल्या तंबाखूसारखं झालंय. धूरच निघत नाही." सोडल्याचं कुणाला सांगितलं नाही.

मला दिसलं ते असं: ती लाल ओठ करून आली. हे एक. दुपारी पाककृती वाचताना दोन ठिकाणी तिनं मीठ आणि साखर यांच्यामधला स्वल्पविराम गाळला. हे दोन. मी पाती उचलली आणि फळीवर एकदा वाजवली. दालनात बाकी कुणाला काही कळलं नाही. ती माझ्याकडे बघून पुढे वाचत राहिली, अजून जोरात.

सुट्टीत ती माझ्यावर तुटून पडली. "तुला माझा आनंद बघवत नाही! नवरा गेला त्याचा सूड घेतेयस माझ्यावर!"

मी वहीतल्या त्या पानाची माझी प्रत पुढे केली. तिनं ते फाडलं, तुकडे माझ्या पानांवर टाकले.

"फाड," मी म्हणाले. "तोमासकडे एक आहे. एवेलियोकडे एक आहे. डॉक्टर बेनिग्नोकडे एक आहे. किती फाडतेस बघू."

तोमासनं आपली प्रत खिशातून काढली. चष्मा लावला आणि वाचायला लागला, मोठ्यानं, अडखळत, कारण शाळा त्याची तिसरीपर्यंतच. "त्या... वेळी... मी जे... बोलेन..." तिचेच शब्द, त्या म्हाताऱ्याच्या तोंडून. इदाल्मिस उभी होती. तिचा चेहरा कसा बदलत गेला ते मी बघितलं, राग होता तिथे भीती आली. ती म्हणाली, "मी गोळी सोडलीय. तीन आठवडे झाले."

दुपारीच आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर बेनिग्नो हळू बोलणारा बारका माणूस होता, टेबलावर कायम अर्धी सोललेली संत्री. तो रागावला नाही. "गोळीचा त्रास होत होता तर मला सांगायचं होतं," तो म्हणाला. "मात्रा बदलता येते, वेळ बदलता येते, कापणाऱ्या हातांवरही उपाय आहे. आपण तुला विझवायला नाही बसलो इथे." बारा दिवस ती घरी राहिली. हॉस्पिटल नाही, थोबाडीत नाही, शिवणयंत्र नाही. परत आली तेव्हा माझ्या टेबलावर चिकटपट्टीनं जोडलेलं ते फाटकं पान ठेवून गेली.

पुढच्या चार वर्षांत मी फक्त एकदा पाती वाजवली, आणि ती चूक निघाली. तिला सर्दी झाली होती. लोक वर्षभर त्यावरून मला चिडवत होते: "रेग्ला, ती शिंकली बघ, वाजव!"

मग ती बातमी आली. सांक्ती स्पिरितुसला सगळ्या प्रांतांतल्या कारखान्यांच्या वाचकांचं संमेलन भरणार, नाट्यगृहात, आणि समारोपाचं वाचन आमच्या इदाल्मिसनं करायचं. एक तास. आमच्यासाठी बस ठरली. मुकादमानं नवा सदरा शिवायला टाकला. मी मात्र डोळ्यांत तेल घालून बसले. असल्या आनंदावरच तो आजार चढून येतो हे आता मला माहीत होतं. ओठ बघितले, साधे. स्वल्पविराम मोजले, जागच्या जागी. निर्धास्त झाले.

संमेलनाला बारा दिवस होते. मंगळवारी सकाळी, वाचन सुरू व्हायच्या आधी, इदाल्मिस माझ्या टेबलाशी आली.

"रेग्ला, मी परवा चार तास झोपले. काल तीन."

"काळजीनं गं. कुणाला झोप लागेल?"

"मला थकवा नाही."

मी तिच्याकडे नीट बघितलं. व्यवस्थित दिसत होती. "मला तर काही दिसत नाही."

"तुला अजून दिसायचंच नाही. मला आतून दिसतंय." ती माझ्या शेजारच्या खोक्यावर बसली. "खरं सांगू? दोन दिवस पुस्तक माझ्या हातात नुसतं चमकतंय. प्रत्येक माणसाचा आवाज मला वेगळा ऐकू येतोय. हे असंच राहू दिलं तर त्या दिवशी मी असं वाचीन की लोक नाट्यगृहाच्या खुर्च्या मोडतील."

"मग?"

"मग त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुणाचं तरी घर मोडीन."

"माझं मोडण्यासारखं काही उरलं नाही," मी म्हणाले. दोघी हसलो. मग तिनं पर्स खांद्याला लावली, मंचाकडे न जाता मुकादमाकडे गेली, आणि सांगितलं की आज वर्तमानपत्र तोमास वाचेल, मी डॉक्टरकडे चाललेय. स्वतःच्या पायांनी. कुणी पाती वाजवली नव्हती, कुणी कागद दाखवला नव्हता. मी खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते तंबाखूच्या धुळीच्या नावावर खपवलं.

डॉक्टर बेनिग्नोनं रक्त तपासलं, गोळी वाढवली, झोपेसाठी थोडे दिवस दुसरी एक दिली. "जाऊ नको असं म्हणत नाही," तो म्हणाला. "पाच रात्री सलग सात तास झोपलीस तर जा. आणि एक तास नाही, अर्धा." कॉफी बंद. एकच पुस्तक. भेटायला येणाऱ्यांना एवेलियो दारातूनच परत पाठवायचा. सूर्य मावळला की घर शांत. ती चिडायची, रडायची, एकदा म्हणाली, "मला जिवंत गाडताय तुम्ही," आणि दहा मिनिटांनी स्वतःच म्हणाली, "हे लिहून ठेवा, हेही एक लक्षण आहे." एवेलियो रोज सकाळी कारखान्याच्या फाटकाशी सायकल थांबवून बोटं दाखवायचा. पाच. सहा. साडेपाच. सात! मग सात. मग पुन्हा पाच, आणि आम्ही सगळे माना खाली घालून कामाला लागलो, मोजणी पहिल्यापासून. संमेलनाच्या सकाळी त्यानं आधी एका हाताची पाच आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं दाखवली, आणि मग सायकल टाकून नाचायलाच लागला. ती पाचवी रात्र होती.

नाट्यगृहात सातशे माणसं होती. आयोजकांपैकी एक गृहस्थ आत येऊन म्हणाला, "बाई, अर्धा तास कसं चालेल? पूर्ण तास छापलाय. लोक तुमच्यासाठी आलेत, घ्या थोडं ओढून."

"नाही," इदाल्मिस म्हणाली.

"चाळीस मिनिटं?"

"तीस. आणि ते का, ते मी लोकांना सांगणार आहे."

ती मंचावर गेली, पाण्याचा घोट घेतला. तिचा हात किंचित कापत होता, तो तिनं लपवला नाही. "मी इदाल्मिस, काबाइग्वानची," ती म्हणाली. "मला बायपोलर आजार आहे. बारा दिवसांपूर्वी मला तीन तास झोप लागली आणि थकवा आला नाही, म्हणून मी डॉक्टरकडे गेले. त्यामुळे आज मी इथे आहे, आणि त्यामुळेच आज मी अर्धा तास वाचणार आहे. पूर्वी मला हे कळलं नव्हतं तेव्हा मी माझ्या मैत्रिणीला भर दालनात दुखावलं होतं. ती समोर बसलीय. तिचं नाव मी सांगणार नाही." आमच्या बसमधली चाळीस माणसं छताकडे बघायला लागली.

मग तिनं वाचलं. एका कोळ्याच्या बायकोची साधी गोष्ट होती, जाळं विणणारी. काय सांगू तुम्हाला! आवाज कुठेही चढवला नाही. विराम आला की ती थांबायची, आणि सातशे माणसं तिच्याबरोबर श्वास घ्यायची. मार्चमधल्या त्या कडकडाटाचं वाचन मी ऐकलं होतं, आणि हेही ऐकलं. त्या वेळी आम्ही तिच्यावर हसलो होतो. या वेळी आम्ही त्या बाईच्या झोपडीत बसलो होतो, आणि बाहेर वारा सुटला होता. अर्ध्या तासानं तिनं पुस्तक मिटलं. लोक ओरडत होते, अजून, अजून! तिनं हात जोडले आणि ती आत निघून गेली. आम्ही कारखान्यातून पात्या आणल्याच होत्या. लाकडी खुर्च्यांच्या हातांवर त्या अशा वाजल्या की नाट्यगृहवाल्यांनी मागाहून तक्रार केली म्हणे. मुकादमाच्या नव्या सदऱ्याचं बटण उडालं. तोमास, शहात्तर वर्षांचा, खुर्चीवर चढला होता, आणि त्याला उतरवायला तिघं लागले.

पुढे सगळं कायमचं सरळ झालं असं नाही. त्यानंतरही आणखी दोनदा ते आलं; एकदा आम्हाला उशिरा कळलं आणि नऊ दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. नऊ. सहा आठवडे नाही. ती परत आली, मंचावर चढली, आणि जिथे सोडलं होतं तिथून वाचायला लागली.

पण मी सांगत होते तो दिवस. आम्ही बसकडे निघालो तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्याचा एक धिप्पाड वाचक तिला गाठायला धावत आला. पन्नाशीचा, हातात टोपी चुरगळलेली.

"बाई, ते तुम्ही म्हणालात ना, थकवा नाही म्हणून," तो म्हणाला. "माझी बायको. आठवडा झाला. आम्ही समजत होतो, ती खूश आहे."

इदाल्मिसनं माझ्याकडे बघितलं. मग ती नाट्यगृहाच्या पायरीवर बसली, त्याला शेजारी बसवलं आणि पर्समधून कागद काढला. "ती काल किती झोपली ते सांग," ती म्हणाली. "आणि घरात काय काय देऊन टाकलं तेही." तो सांगत गेला, ती लिहीत गेली. मी पलीकडे उभी राहून त्याच्या गावच्या दवाखान्याचं नाव लक्षात ठेवत होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तोमास खिडकीतून त्याला शिव्या देत होता.

वीस मिनिटांनी आम्ही निघालो. ऊन अजून होतं. इदाल्मिसनं माझ्या डब्यातले दोन तळलेले वडे खाल्ले, हात पुसले, आणि वाटेतलं ग्वायोस गाव यायच्या आतच माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मागे मुकादम गात होता. मी वळून नुसतं त्याच्याकडे बघितलं, आणि तो गाणं ओठातल्या ओठात म्हणायला लागला.